बोटीला जिना

लिफ्टवाल्यांची बायको लिफ्टमध्ये बसत नाही, ही गोष्ट त्यांच्या इमारतीत राहायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कळायची. कुणी सांगायची गरजच नसे. लिफ्टवाले पाचव्या मजल्यावरून ऐटीत लिफ्टने खाली यायचे, टपालपेट्यांपाशी उभे राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवत राहायचे, आणि बऱ्याच वेळाने बाई जिन्यावरून उगवायच्या, एक हात कठड्यावर, गुडघ्यांना मनातल्या मनात शिव्या देत. येताना उलटं. लिफ्टवाले वर जाऊन चहा टाकायचे आणि तो उकळून उकळून काळा झाला की बाई पोचायच्या. भाजीच्या पिशव्या मात्र लिफ्टने जायच्या. पिशव्यांना भीती वाटत नाही, असं बाईंचं म्हणणं.

शेजारपाजारचे चेष्टा करायचे. हे लिफ्टवाले आणि ह्या जिनेवाल्या बाई, अशी जोडी लोकांनीच लावून दिली होती. ह्या चेष्टेत सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते स्वतः लिफ्टवाले. माणूस दिलदार होता, बोलका होता, आणि खरं सांगायचं तर आपल्याच हसण्याच्या आवाजात त्यांना दुसऱ्याचं गप्प बसणं ऐकू यायचं नाही. वाईट माणूस मुळीच नव्हे. फक्त ह्या एका बाबतीत ठार बहिरा.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारे नव्हेत. ते लिफ्ट बसवायचे आणि दुरुस्त करायचे. तारा, कप्प्या, ब्रेक आणि ग्रीस ह्यांच्यात त्यांचा उभा जन्म गेला. कामाची त्यांची एक पद्धत होती. नव्या इमारतीत पाऊल ठेवलं की हत्यारांची पेटी खाली ठेवायच्याही आधी विचारायचे, "जिना कुठाय?" मग तो जिना स्वतः तळापासून माथ्यापर्यंत चढून पाहायचे. एखाद्या मजल्यावर कुणी जुनं कपाट नाहीतर मोडकी सायकल टाकून वाट अडवलेली असली, तर ती हलल्याशिवाय लिफ्टच्या दाराला हात लावायचे नाहीत. "लिफ्ट आज ना उद्या बंद पडणारच," ते म्हणायचे. "तेव्हा माणसाला स्वतःच्या पायांनी खाली येता आलं पाहिजे." इमारतींचे मालक वैतागायचे, पण लिफ्टवाले हटायचे नाहीत.

दुसरी त्यांची ख्याती होती ती आवाजाची. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत माणसं रडकुंडीला आली, की कंपनी ह्यांनाच पाठवायची. ते बंद दाराला तोंड लावून म्हणायचे, "घाबरू नका, मी आलोय. दोनच मिनिटं." एवढं ऐकलं की आतलं रडं थांबायचं. ती दोन मिनिटं कधीच दोन नसायची, पण त्याचा हिशेब बाहेर उभ्या असलेल्या माणसाने कशाला ठेवावा? सुटून बाहेर आलेली माणसं त्यांचे हात हातात घ्यायची. आपण किती माणसांना धीर दिला, ह्याचा लिफ्टवाल्यांना सार्थ अभिमान होता.

आता असा माणूस बोटीच्या नादाला कसा लागला, तर बंदराच्या कचेरीतल्या लिफ्टमुळे. ती लिफ्ट सारखी बिघडायची, आणि काम संपलं की लिफ्टवाले धक्क्यावर बसून डबा खात नांगरलेल्या बोटी बघायचे. तिथे एक म्हातारा खलाशी आपली कॅटामरान घासत असायचा. कॅटामरान म्हणजे दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एकच घर बांधावं, तशी शिडाची बोट. आडवी रुंद, त्यामुळे कलंडत नाही. टेबलावरचा पेला टेबलावरच राहतो. म्हाताऱ्याचे पाय गेले त्याच सुमारास लिफ्टवाले निवृत्त झाले, आणि त्यांनी ती बोट विकत घेतली.

त्यांचा बेत साधा होता. वर्षातले निम्मे महिने किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, शांत खाडी दिसली की नांगर टाकायचा, सकाळी कुणाच्याही फोनने उठायचं नाही. ह्या बेतात बाई होत्याच. त्या असतील का, हे विचारायचं लिफ्टवाल्यांना सुचलं नव्हतं, जसं आपला हात आपल्याबरोबर येईल का हे कुणी विचारत नाही. आणि बाईंनी नाही म्हटलं नव्हतं. त्या रोज धक्क्यावर यायच्या, बोटीवर चढायच्या, खिडक्यांना पडदे शिवायच्या, स्वयंपाकाच्या कट्ट्याची कळा बदलून टाकली त्यांनी. चारदोनदा समुद्रावर फेरफटकाही झाला. त्यांना मळमळलं नाही, त्या घाबरल्या नाहीत, उलट वारा भरला की गुणगुणायच्या. पण संध्याकाळ झाली की पिशवी उचलून घरी. बोटीवर त्या एकदाही झोपल्या नव्हत्या, कारण त्यांची उशी बोटीवर आली नव्हती.

ह्या उशीबद्दल सांगायला हवं. चपटी, स्वतः कापूस भरून शिवलेली, दुसऱ्या कुणी तिच्यावर डोकं टेकवलं तर मान धरेल अशी. बाई जिथे मुक्कामाला जायच्या तिथे ती उशी आधी जायची. मुलीच्या बाळंतपणात ती दवाखान्यात होती. उशी घरी असेल तर बाई कितीही उशीर झाला तरी घरी येणार, हे सगळ्या कुटुंबाला ठाऊक होतं. म्हणून मुलीने एकदा बापाला स्पष्टच विचारलं, "बाबा, आईची उशी कधी जाणार बोटीवर?"

"जाईल गं."

"आणि नाही गेली तर?"

लिफ्टवाले पहिल्यांदाच हसले नाहीत. "तर मी बोट विकीन," ते म्हणाले. "एकट्याने काय मासे मोजत बसू?"

त्या दिवसापासून त्यांनी मनावर घेतलं. त्यांना वाटलं, हिला बोटीवर सोय कमी पडते. आणि सगळ्यांत मोठी गैरसोय होती ती किनाऱ्याला जाण्यायेण्याची. एवढी रुंद बोट प्रत्येक गावाच्या धक्क्याला लागत नाही. ती दूर पाण्यात नांगरायची आणि तिथून छोट्या होडीने, म्हणजे डिंगीने, किनारा गाठायचा. म्हाताऱ्याच्या बोटीबरोबर आलेली डिंगी तर अशी विरली होती की तिच्यात हवा भरताना आणि निघताना एकच आवाज यायचा. नवी डिंगी आणि तिच्या मागे लावायची मोटर, ही खरेदी कधीतरी करायचीच होती.

शेजारच्या बोटीवर एक दाढीवाला राहायचा. त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं, निदान त्याचा तसा समज होता. त्याने लिफ्टवाल्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "बोट म्हणजे घर, आणि डिंगी म्हणजे गाडी," तो दाढी खाजवत म्हणाला. "गाडी घ्यायची तर दमदार घ्या. पंधरा घोड्यांच्या ताकदीची मोटर लावा. पाण्यावरून उडत जाल."

लिफ्टवाल्यांना ते पटलं, कारण लिफ्टच्या धंद्यातल्या माणसाला किती वजन, किती वेग, किती माणसं, ही भाषा बरोबर कळते. त्यांनी बंदरावरच्या दुकानातून ॲल्युमिनियमच्या तळाची, फुगवलेल्या जाड नळकांड्यांची ऐसपैस डिंगी आणली, आणि तिच्यासाठी पंधरा घोड्यांची मोटर. दुकानदार भला होता. आठवडाभर वापरा, नाही जमलं तर परत आणा, म्हणाला. मोटर इतकी जड होती की ती धक्क्यावरून बोटीवर घेताना लिफ्टवाले, दाढीवाला आणि दुकानदार, तिघांच्याही नाकी नऊ आले.

पण जड म्हटल्यावर लिफ्टवाल्यांच्या अंगात आलं. जड वस्तू वरखाली करणं हाच तर त्यांचा धंदा. बोटीच्या मागच्या बाजूला, दोन होड्यांच्या मधे, डिंगी टांगून ठेवायला स्टीलच्या दोन भुजा होत्या. त्यांनी तिथे बॅटरीवर चालणारी मोटर बसवली, तारा ओढल्या, ब्रेक लावला, आणि भिंतीवर दोन गोल बटणं लावून त्यांच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: वर, खाली. म्हणजे जन्मभर लिफ्टमध्ये पाय न ठेवलेल्या बाईसाठी ह्या माणसाने बोटीवरसुद्धा लिफ्टच बसवली. ह्यातली गंमत दाढीवाल्याच्या लक्षात आली, मुलीच्या आली, बंदरावरच्या मांजराच्याही आली असेल. लिफ्टवाल्यांच्या नाही आली.

उद्घाटनाला मुलगी आली होती. लिफ्टवाल्यांनी "खाली" दाबलं. घुर्र करत डिंगी मोटरसकट पाण्यावर टेकली, थेंबभर पाणी उडालं नाही. मुलीने टाळ्या वाजवल्या. लिफ्टवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई फडकं पिळत उभ्या होत्या.

"पंधरा घोडे," त्या म्हणाल्या. "त्यांना दाणापाणी कोण घालणार?"

"मी आहे ना."

"आणि वीज गेली की?"

"जाणार नाही. चांगली बॅटरी आहे."

"पण गेली की?"

"अगं, मी आहे ना!"

मोटर सुरू करायची दोरी कशी ओढायची हे लिफ्टवाल्यांनी करून दाखवलं. बाईंनी एकदा हात लावला, ओढून पाहिली. त्यांचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून धरलेला, दोरी वीतभर आली आणि परत गेली. त्यांनी फडकं वाळत घातलं, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चला, निघते मी. घरी कपडे वाळत आहेत."

लिफ्टवाल्यांचा चेहरा पडला. एवढं मन लावून केलेलं काम आणि त्यावर बाईंचे शब्द काय, तर घरी कपडे वाळत आहेत. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त धास्ती वाटत होती. बोट हातची जाणार, असं त्यांना त्या क्षणी पक्कं वाटलं. मुलीला बोटीवर सोडून ते बायकोच्या मागे निघाले. इमारतीत शिरल्यावर बाई सवयीने जिन्याकडे वळल्या, लिफ्टवाले सवयीने लिफ्टपाशी थांबले. लिफ्ट खालीच होती, दार उघडं होतं. ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग, कितीतरी वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. बायकोच्या मागून जिना चढायला लागले.

दुसऱ्या मजल्यापर्यंत अब्रू राखली. तिसऱ्या मजल्यावर छाती भात्यासारखी चालायला लागली तेव्हा ते मधल्या चौकात खालीच बसले. बाईही शेजारच्या पायरीवर टेकल्या. त्यांना मुळीच दम लागला नव्हता.

"कशाला आलात जिन्याने?" त्यांनी विचारलं. आवाजात माया होती.

"तुला बोट आवडत नाही का गं?"

"आवडते की."

"मग घोडं अडलंय कुठे?"

बाई थोडा वेळ कठड्याची सळई बोटाने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपलं लग्न झालं त्या वर्षी तुम्ही मला नवी लिफ्ट दाखवायला नेलं होतं. आठवतं?"

आठवतं म्हणजे काय! हा तर लिफ्टवाल्यांचा हुकमी किस्सा होता. लग्नानंतरची पहिली सहल लिफ्टमध्ये, आणि ती मधेच अडकली, आणि नवरा छताच्या झडपेतून बाहेर पडून हिरोसारखा बायकोला सोडवायला गेला. प्रत्येक समारंभात ते हा किस्सा सांगायचे, लोक पोट धरून हसायचे. बाई तेव्हा ताटंवाट्या आवरायला उठायच्या, हे आत्ता, ह्या पायरीवर बसल्यावर, त्यांना पहिल्यांदा आठवलं.

"जाताना तुम्ही म्हणालात, दोन मिनिटांत येतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही येणार हे मला ठाऊक होतं. त्याची भीती नव्हतीच. पण तुम्ही येईपर्यंत मला करण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं हो. उभं राहायचं आणि कान लावून ऐकायचं. सामान ठेवतात ना कपाटात, तशी मी. वर जायचं माझ्या हातात नाही, खाली यायचं माझ्या हातात नाही. जिन्यावर माझे गुडघे दुखतात, पण थांबायचं की चढायचं ते माझं मी ठरवते." त्यांनी लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. "बोट धक्क्याला असते तोवर मला काही वाटत नाही. पण ती दूर पाण्यात उभी करणार, आणि खाली उतरायचं तर बटण तुमचं, घोडे तुमचे, दोरी ओढणार तुम्ही. तुम्ही झोपला असाल, तुम्हाला बरं नसेल, नाहीतर साधं मला तुमचा वैताग आला असेल, तर मी जायचं कुठे?"

लिफ्टवाल्यांना दम लागलेलाच होता. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडून बंद झालं. लिफ्ट त्यांच्या शेजारून, भिंतीपलीकडून, सरसर वर गेली.

"जिना," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"मी बोटीचा जिना बघितलाच नाही. हत्यारांची पेटी आधीच उघडून बसलो." त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. उभ्या आयुष्यात एकाही इमारतीत केली नाही ती चूक त्यांनी स्वतःच्या घरात केली होती. "चल," ते कठडा धरून उठले. "उद्या दुकानात तू चल. डिंगी तू निवड."

दुसऱ्या दिवशी पंधरा घोडे डिंगीसकट दुकानात परत गेले. दुकानदाराने कुरकुर न करता ते घेतले आणि पुन्हा लिफ्टवाल्यांकडे बघून बोलायला लागला: कापड कुठलं, वेग किती, पेट्रोल किती. लिफ्टवाले म्हणाले, "मला काय सांगताय? गिऱ्हाईक ह्या आहेत," आणि बाजूच्या दोरांच्या गुंडाळ्यांवर जाऊन बसले. गप्प बसायला त्यांना किती कष्ट पडत होते ते त्यांच्या हलणाऱ्या पायावरून दिसत होतं.

बाईंची निवडायची तऱ्हा भाजी निवडण्याची होती. वेग किती हे त्यांनी विचारलंच नाही. चपला काढून प्रत्येक डिंगीत बसल्या, उठल्या, एका काठावर रेलून पाहिलं. बाहेर येऊन तिचं नाक धरून ती जमिनीवर ओढून पाहिली. फुगवायच्या डिंग्या छान मऊ होत्या, पण वल्ही मारायला बसलं की गादीवर बसल्यासारखं व्हायचं, हातात जोर येईना. शेवटी कोपऱ्यातली एक छोटी, घट्ट तळाची होडी त्यांना पसंत पडली. काठाला सगळीकडून फोमचा जाड पट्टा, म्हणजे एका बाजूला भार पडला तरी चटकन कलंडणार नाही. वल्ही अडकवायच्या कड्या मजबूत. दोन माणसं आणि बाजारहाट, बस्स. मोटरीही त्यांनी उचलून उचलून पाहिल्या. दोरी ओढायच्या मोटरींना त्यांनी लांबूनच नमस्कार केला. विजेवरची एक होती, जिची बॅटरी वेगळी निघायची. बॅटरी एका हातात, मोटर दुसऱ्या हातात, दोन्ही डाव्याउजव्या पिशव्यांसारख्या. मूठ पिळली की चालू.

"पण काकू, ही हळू जाते," दुकानदार म्हणाला. "आणि लांब जायची नाही."

"मला कुठे गाडी पकडायचीय? बॅटरी संपली की काय?"

"वल्ही आहेत ना."

"वल्हं पाण्यात पडलं की?"

"एक जास्तीचं देतो."

"आणि मीच पडले की?"

"तरंगायचं जॅकेट घातलेलं असेल," लिफ्टवाल्यांना राहवलं नाही. "आणि मी असेनच."

"तुम्ही कुठे असणार?"

"बोटीवर."

"होडी?"

"होडी तुझ्याकडे."

"मग तुम्ही येणार कसे?"

दुकानदाराला हसू फुटलं. लिफ्टवालेही हसले, नेहमीसारखे मोठ्याने, आणि तो प्रश्न दुकानातच राहिला.

नंतरचे काही आठवडे बाई बंदराच्या आतल्या शांत पाण्यात सराव करत होत्या. लिफ्टवाल्यांना शिकवायला मनाई होती. "तुम्ही शिकवायला लागलात की तुमचा हात पुढे येतो," बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. त्यामुळे मुलगी समोर बसायची, बाई वल्ही मारायच्या, होडी आधी गोल गोल फिरायची, मग नागमोडी जायला लागली, मग सरळ. खांदासुद्धा मोकळा होत चालला. दाढीवाला त्याच्या बोटीवरून ओरडायचा, "काकू, ह्या वेगाने किनाऱ्याला पोचाल तेव्हा दुकानं बंद झालेली असतील!" बाई वल्हं न थांबवता म्हणायच्या, "बरं होईल, तुमच्यासाठी काही आणायला नको." लिफ्टवाल्यांनी तेवढ्यात बोटीवर दुसरं काम काढलं. बटणं त्यांनी तशीच ठेवली, पण शेजारी हाताने ओढायचा दोर बसवला, आणि त्यात एकेक कप्पी वाढवत गेले, जोवर बाईंनी डाव्या हाताने, न कण्हता, होडी खाली सोडली नाही आणि वर घेतली नाही.

मग एका दुपारी त्यांनी धक्का सोडला आणि बंदराच्या बाहेर, लाल दिव्याच्या पलीकडच्या खाडीत नांगर टाकला. त्यांचंच गाव समोर दिसत होतं, मासळीबाजाराचं लांबलचक छप्पर दिसत होतं. पाणी शांत होतं. जेवणं झाली, भांडी झाली. बाईंनी जॅकेट घातलं, दोर सैल केला, होडी खाली उतरवली, बॅटरी बसवली.

"मी येऊ?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"नको. दोन मिनिटांत येते."

होडी मासळीबाजाराच्या दिशेने लहान लहान होत गेली. लिफ्टवाल्यांनी दुर्बीण लावली. बाईंनी धक्क्याची पायरी गाठली, दोर बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि मागे न बघता छपराच्या आड दिसेनाशा झाल्या. लिफ्टवाल्यांची छाती अभिमानाने फुगली. आता ही कोपऱ्यावरून पाव नाहीतर दूध घेऊन येईल, असं म्हणून त्यांनी चहा टाकला.

चहा उकळून काळा झाला.

त्यांनी फोन लावला. फोन टेबलावरच, पडद्याच्या कापडाखाली वाजला. ते बाहेर आले. पायरीशी होडी तशीच बांधलेली होती, रिकामी. त्यांनी बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझार घातली. रुंद बोट असली तरी येरझार घालायला लागलं की ती फारशी रुंद नसते. काही झालं असेल का? पाय घसरला असेल? मुलीला फोन लावला, तिने उचलला नाही. दाढीवाल्याला बोलावता आलं असतं. पण त्याला सांगायचं काय? बायको होडी घेऊन गेली आणि मी इथे अडकलोय, असं? तो ही गोष्ट मरेपर्यंत बंदरभर सांगत फिरला असता.

काहीच करण्यासारखं नाही म्हटल्यावर त्यांनी "खाली" बटण दाबलं. घुर्र करत होडी अडकवायचे दोन रिकामे आकडे पाण्यापर्यंत गेले. त्यांनी "वर" दाबलं. आकडे वर आले. खूप सुंदर काम केलं होतं, कुठे खट्टसुद्धा होत नव्हतं. लिफ्टवाले त्या आकड्यांकडे बघत खाली बसले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कान लावून बसलोय. मोटरचा आवाज येतो का, वल्ह्याचा येतो का, एवढंच ऐकतोय. बंद दारापलीकडची सगळी माणसं त्यांना आठवली, जी एकच गोष्ट विचारायची: अजून किती वेळ? आणि त्यांच्यात एक नवी नवरी होती, तिने तर विचारलंही नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, खरीखुरी. ती येणार हे ठाऊक होतं, आणि तरी वाटत होती.

ऊन उतरलं तेव्हा छपराच्या कडेला काहीतरी हललं. बाई होत्या. दोन खेपा करून त्यांनी होडीत काहीतरी भरलं, दोर सोडला. वारा आता समोरून होता. अर्ध्या वाटेत मोटर गप्प झाली. बाईंनी वल्ही काढली आणि पाठमोऱ्या बसून, न थांबता, बोटीकडे येत राहिल्या. पहिल्यांदा त्या बोट चुकवून पुढे गेल्या. लिफ्टवाले काठावर ओणवे होऊन हात पसरायला लागले.

"हात मागे घ्या," बाई म्हणाल्या. "आणि घाबरू नका, आलेय मी."

त्यांनी पुन्हा वळसा घेतला, ह्या वेळी नीट बाजूला लागल्या, दोर स्वतः अडकवला. चेहरा लालबुंद झाला होता. होडीत कपड्यांची पिशवी होती, शिवणाचा डबा होता, आणि सगळ्यात वर, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. लिफ्टवाल्यांनी ते ओळखलं. तोंडातून मात्र निघाली ती तक्रारच.

"दोन मिनिटं म्हणाली होतीस," ते म्हणाले.

बाई होडीत उभ्या राहिल्या, एक हात बोटीच्या कठड्यावर. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"तुम्हीही तेच म्हणाला होतात."

लिफ्टवाल्यांनी मान हलवली. ह्या वेळी ते हसले नाहीत. किती वेळ ती तिथे, त्या लिफ्टमध्ये, एकटी उभी होती, हे त्यांनी तिला आजवर विचारलं नव्हतं. आता विचारायला हवं होतं, आणि ते विचारणार होते.

"आधी उशी धरा," बाई म्हणाल्या. "ओली होईल."

त्यांनी वाकून ती दोन्ही हातांनी घेतली.